परवान्याची भाषा

मराठी माणसाला दुखते. त्याला वेदना होतात त्या बहुधा कवितेत, नाटकाच्या तिसऱ्या अंकात किंवा शोकसभेच्या ठरावात. मलयाळममध्ये मात्र ‘वेदना’ हा रोजच्या वापरातला, घरगुती शब्द आहे. डोके दुखले तरी तेथे वेदना, दाढ दुखली तरी वेदनाच. त्यामुळे केरळातून पुण्यामुंबईकडे नव्याने आलेली एखादी परिचारिका रात्रपाळीत म्हाताऱ्या बाईच्या खाटेशी वाकून ‘आजी, वेदना आहे का?’ असे विचारते, तेव्हा आजी क्षणभर तिच्याकडे पाहतच राहते. प्रश्न कळत नाही असे नव्हे. तो फार मोठा वाटतो. एकाच संस्कृत शब्दाला एका भाषेने स्वयंपाकघरात जागा दिली आणि दुसरीने देवघरात, याचे याहून बोलके उदाहरण तौलनिक अभ्यासाच्या वर्गात मिळणे कठीण.

पाच-सहा महिन्यांत हा शब्द तिच्या तोंडून जातो. त्या जागी ‘दुखतंय का’ येते, आणि त्यामागोमाग ठणकणे, ठुसठुसणे, चमक निघणे, कळ येणे, मुरडा पडणे, रग लागणे, भगभगणे असा सगळा परिवार येतो. ‘पोटात ढवळतंय’ आणि ‘पोटात आग पडलीय’ या दोन तक्रारींची औषधे निराळी असतात हे ती शिकते. ‘जरा कसंसंच होतंय’ असे रुग्ण म्हणाला की पुढचे वाक्य ऐकण्याआधी नाडी पाहायची, हेही शिकते. ही शिकवण वॉर्डातल्या मावशींची, मामांची आणि खुद्द रुग्णांची असते. तिची परीक्षा रोज होते. प्रमाणपत्र कधीच मिळत नाही. परदेशातल्या नोंदणीसाठी अर्ज भरताना तिच्यापुढे जे रकाने येतात त्यांत इंग्रजीच्या श्रेणीसाठी जागा असते. खाटेशेजारी शिकलेल्या मराठीसाठी किंवा हिंदीसाठी ती नसते, आणि असावी असे कोणाच्या मनातही येत नाही.

या परिचारिकांचे देशांतर ही आता अपवादात्मक घटना राहिलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५च्या अहवालानुसार जगातल्या दर सात परिचारिकांपैकी एक आपल्या जन्मदेशाबाहेर काम करते. श्रीमंत देशांत हे प्रमाण शेकडा २३ आहे. फिलिपिन्सचा वाटा यात मोठा. ८ डिसेंबर २०२० रोजी इंग्लंडातल्या कॉव्हेंट्री येथे करोनाची लस सार्वजनिक मोहिमेत प्रथम टोचली गेली, तेव्हा ती टोचणारे हातही फिलिपिन्समध्ये जन्मलेल्या परिचारिकेचेच होते. भारताच्या बाजूने हा प्रवाह मुख्यतः केरळातून निघाला. साठीच्या दशकात कॅथलिक चर्चच्या ओळखीपाळखीने केरळातल्या कोवळ्या वयाच्या मुली जर्मनीतल्या रुग्णालयांत शिकाऊ म्हणून गेल्या. १९६५च्या कायद्याने अमेरिकेचे दार आशियासाठी उघडले आणि सत्तरीनंतर आखाती देशांचे उघडले. दारे उघडतात तशी मिटतातही. १९७३ मध्ये पश्चिम जर्मनीने परदेशी कामगारांची भरती थांबवली, आणि पुढच्या काही वर्षांत तिथे रुळलेल्या, जर्मन बोलू लागलेल्या कित्येक परिचारिकांचे परवाने वाढवून देण्यात आले नाहीत. भाषा येत होती. गरज संपली होती.

केरळच्या परिचारिकेचा पहिला परदेश बहुतेक वेळा भारतातच असतो, ही गोष्ट मात्र या चर्चेत सहसा विसरली जाते. कोट्टयम किंवा पत्तनंतिट्टा भागातली मुलगी कर्नाटकातल्या खासगी महाविद्यालयात शैक्षणिक कर्ज काढून शिकते, आणि परदेशी नोकरीसाठी मागितला जाणारा दोन-तीन वर्षांचा अनुभव मिळवण्याकरिता दिल्ली, मुंबई, पुणे गाठते. त्या काळातला पगार कर्जाचे हप्ते आणि खोलीचे भाडे यांतच जातो. नोकरी मध्येच सोडू नये म्हणून मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याची आणि बाँड लिहून घेण्याची प्रथा कित्येक खासगी रुग्णालयांत होती. २०११-१२च्या सुमारास मुंबई, दिल्ली आणि केरळ येथे परिचारिकांचे जे संप झाले ते याच कारणांवरून. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०१६ मध्ये नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांना किमान २०,००० रुपये वेतन असावे अशी शिफारस केली. ती अमलात आणणे राज्यांवर सोपवले गेले, आणि राज्यांनी ते आपापल्या सोयीने घेतले. ‘या मुली परदेशी का जातात?’ असा प्रश्न आपल्याकडे थोड्या दुखावलेल्या स्वरात विचारला जातो. त्या स्वराला फारसा आधार नाही.

अशा एका मुलीची दिनचर्या डोळ्यांसमोर आणून पाहावी. खोलीत चौघी. दोघी रात्रपाळीहून येतात तेव्हा दोघी निघण्याच्या घाईत असतात, त्यामुळे खाटा दोनच पुरतात. खिडकीच्या कट्ट्यावर इंग्रजी परीक्षेची झेरॉक्स काढलेली पुस्तके, भिंतीवर पुढच्या तारखांचा कागद. महाविद्यालयाकडून गुणपत्रकांचा तपशील मागवायचा, राज्याच्या परिचर्या परिषदेकडून नोंदणीचा दाखला परस्पर परदेशी पाठवायचा, जुन्या मालकाकडून अनुभवपत्र काढायचे. यांतले एक येईपर्यंत दुसऱ्याची मुदत भरत आलेली असते, कारण इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल सामान्यतः दोनच वर्षे ग्राह्य धरतात. दोन वर्षांनंतर माणूस भाषा विसरतो, असा या नियमाचा अर्थ घ्यावा लागेल. तिच्या आईला घरी फोनवर रोज एकच गोष्ट विचारायची असते, आणि ती ते विचारत नाही.

या परीक्षांकडे साहित्याच्या अभ्यासकांनी एकदा नीट पाहिले पाहिजे. आयईएलटीएस या सर्वसाधारण परीक्षेत परिचारिकेला आलेखाचे वर्णन करावे लागते आणि एखाद्या सार्वजनिक विषयावर अडीचशे शब्दांचा निबंध लिहावा लागतो. विषय शहरातल्या वाहतुकीचा असेल, प्राणिसंग्रहालयांचाही असेल. ब्रिटनच्या नोंदणी मंडळाने २०१८च्या अखेरीस लेखनाची अट सातवरून साडेसहावर आणली. त्या अर्ध्या गुणापायी तोवर किती जणी परत परत शुल्क भरत राहिल्या असतील, हे शिकवणी वर्गांच्या बाहेर लागलेल्या चपलांच्या रांगांवरून समजत होते. ऐंशीच्या दशकात ऑस्ट्रेलियात आकाराला आलेली ओईटी ही परीक्षा अधिक समंजस आहे. तीत परिचारिकेला तिच्याच व्यवसायातले काम दिले जाते: रुग्णाच्या टिपणांवरून पुढच्या डॉक्टरला किंवा परिचारिकेला पत्र लिहायचे, आणि दोन छोट्या प्रसंगांत परीक्षकासमोर भूमिका वठवायची. समोरची व्यक्ती रुग्ण होते किंवा रुग्णाची मुलगी होते; हातातल्या कार्डावर प्रसंग लिहिलेला असतो; तयारीला दोन-तीन मिनिटे, संवादाला पाच. घाबरलेल्याला धीर द्यायचा, हट्टी माणसाला समजवायचे, वाईट बातमी बेताने सांगायची, आणि हे सर्व घड्याळ पाहत.

परिचर्या आणि अभिनय यांचे नाते आपल्या साहित्याला अपरिचित नाही. आशुतोष मुखोपाध्याय यांच्या ‘नर्स मित्र’ या बंगाली कथेवरून असित सेन यांनी १९५९ मध्ये ‘दीप ज्वेले जाइ’ हा चित्रपट काढला आणि पुढे तोच हिंदीत ‘खामोशी’ म्हणून केला. तीतली परिचारिका रुग्ण बरा व्हावा म्हणून प्रेमाचे सोंग वठवते, सोंग खरे होऊन बसते, आणि शेवटी ती स्वतःच त्या खाटेवर जाते. परीक्षेच्या खोलीत दिलेला धीर किती खरा होता याला श्रेणी नसते. वाक्यरचना, स्वर आणि ओघ यांना असते. तरीही असे सांगतात की या भागात आपल्या मुली बऱ्याच वेळा सहज उतरतात. अडतात त्या पत्रात. बोलताना समोर माणूस असतो, लिहिताना नसतो.

ब्रिटनमध्ये पोहोचल्यावर आणखी एक परीक्षा असते. २०१४पासून परदेशी परिचारिकेची तपासणी दोन टप्प्यांत होते. पहिली संगणकावर, दुसरी तिथल्या केंद्रात, पुतळ्याच्या किंवा नटाच्या खाटेपाशी. या दुसऱ्या परीक्षेत केलेली कृती अनेकदा तोंडाने सांगावी लागते: आता मी हात धुते आहे, आता मी रुग्णाची ओळख पटवून घेते आहे. दहा वर्षे जे हात न बोलता काम करीत आले त्यांच्यावर असे समालोचन करणे ही मोठी विचित्र शिस्त आहे. मूकनाट्याच्या नटाला संवाद द्यावेत तसे होते. कित्येकींचे हात बरोबर चालतात आणि जीभ मागे राहते.

परंतु या सगळ्या तपासण्यांना केवळ अडवणूक म्हणणे अन्यायाचे होईल. खाटेवरच्या माणसाला आपले बोलणे समजून घेतले जावे असा हक्क आहे, आणि औषधाच्या मात्रेत एका शब्दाची चूक जीव घेऊ शकते. इंग्लंडमधला म्हातारा ‘स्पेंड अ पेनी’ करायचे आहे असे म्हणतो तेव्हा त्याला शौचकुपाकडे न्यायचे असते, नाण्यांची पिशवी द्यायची नसते. पुण्यातल्या आजीच्या ‘कसंसंच होतंय’ला जे महत्त्व आहे तेच त्याच्या पेनीला. प्रश्न भाषा हवी की नको हा नाहीच. कोणती भाषा मोजली जाते आणि मोजण्याचा खर्च कोण सोसतो, एवढाच तो आहे.

जपानचे उदाहरण याबाबतीत उद्बोधक आहे. आर्थिक भागीदारीच्या करारान्वये २००८पासून इंडोनेशियाच्या आणि त्यानंतर फिलिपिन्सच्या प्रशिक्षित परिचारिका तिथे गेल्या. जपानी भाषेतली राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण होणे ही अट होती. २००९ मध्ये ८२ जणी-जण बसले; एकही उत्तीर्ण झाला नाही. २०१० मध्ये २५४ बसले आणि तिघे उत्तीर्ण झाले. तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रांतून एका शब्दाची पुष्कळ चर्चा झाली: ‘जोकुसो’. दीर्घकाळ पडून राहिलेल्या रुग्णाच्या पाठीला होणाऱ्या जखमेचा हा वैद्यकीय शब्द, आणि त्याची चित्रलिपी जपानी माणसालाही सहज वाचता येऊ नये अशी. मराठीत त्याला सरकारी परिभाषेत ‘शय्याव्रण’ म्हणतात आणि रुग्णालयात ‘बेडसोर’. ‘पाठीला जखमा झाल्यात’ म्हटले की घरच्यांना कळते. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही, हाडावरची त्वचा लाल दिसली की तिथे भार पडू द्यायचा नाही, हे जकार्ताच्या परिचारिकेला पुरते माहीत होते. तिला चिन्ह वाचता येत नव्हते. पुढे परीक्षेतल्या कठीण चिन्हांवर उच्चार छापण्याची सोय झाली. लहानशी सोय, पण व्यवसायाची परीक्षा आणि लिपीची परीक्षा या दोन गोष्टी आहेत हे एका सरकारने तेवढ्यापुरते मान्य केले.

आपल्या परंपरेत परिचारकाची कसोटी निराळ्या अंगाने सांगितलेली आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वैद्य, औषध आणि रोगी यांच्या बरोबरीने परिचारक हा चिकित्सेचा एक पाय मानला असून त्याचे चार गुण दिले आहेत: सेवाशुश्रूषेचे ज्ञान, हाताची चलाखी, रुग्णाविषयी ओढा आणि स्वच्छता. बोलण्याचा त्यात उल्लेख नाही. तो मनुष्य त्याच गावचा, त्याच बोलीचा असणार हे गृहीतच होते. त्याच स्थानात पुढे, उपचारगृहाची सिद्धता सांगताना, पेज शिजवणारे, अंग चोळणारे, रुग्णाला उठवून बसवणारे असे सेवक सांगितले आहेत आणि त्यांच्या रांगेत गाणी, कथा, पुराणे सांगणारेही बसवले आहेत. वाङ्मयाच्या माणसाला हे वाचून बरे वाटते. अंग पुसणे आणि गोष्ट सांगणे एकाच यादीत येते.

अंग पुसण्याचा विषय जर्मनीत गेलेल्या मुलींच्या बोलण्यात हटकून निघतो. भारतातल्या रुग्णालयात रुग्णाला भरवणे, आंघोळ घालणे ही कामे नातेवाइकांची आणि मावशींची. परिचारिका सुई, सलाइन, औषधे आणि नोंदी पाहते. जर्मनीत ही सगळी निगा परिचर्येचाच भाग आहे. शिवाय पदवीला मान्यता मिळेपर्यंत, म्हणजे तिथली ज्ञानपरीक्षा किंवा जुळवणीचा अभ्यासक्रम पार पडेपर्यंत, तिला मदतनीस म्हणूनच काम करावे लागते. चार वर्षांची पदवी, अतिदक्षता विभागाचा अनुभव आणि हातात पाण्याचे भांडे. काहीजणींना तो अपमान वाटतो. काहीजणी सांगतात की माणसाची पाठ पुसतानाच तो बोलू लागतो, आणि जर्मन भाषा आपण तिथेच शिकलो. दोन्ही खरे मानायला हरकत नाही. ब्रिटनमधली गोष्ट अधिक कडवट आहे. परीक्षेत अडलेल्या कित्येक परिचारिका तिथे वृद्धाश्रमांत काळजीवाहक म्हणून गेल्या, नोंदणी पुढे होईल या आशेवर. २०२५च्या जुलैपासून त्या पदासाठी परदेशातून नवी भरतीच बंद झाली.

अमेरिकेच्या बाबतीत भाषेचा प्रश्न शेवटी गौण ठरतो. तिथल्या परवान्याची परीक्षा संगणकावर होते आणि उत्तरांवरून पुढचा प्रश्न ठरतो. पंच्याऐंशीव्या प्रश्नानंतर पडदा अचानक काळा होऊ शकतो, आणि आपण तरलो की बुडालो हे उमेदवाराला कळत नाही. ती परीक्षा, इंग्रजी आणि कागदांची पडताळणी हे सारे पार केलेल्या भारतीय परिचारिकेपुढे मग रांग येते. कायम वास्तव्याच्या व्हिसांपैकी कोणत्याही एका देशाच्या वाट्याला शेकडा सातांहून अधिक सहसा येत नाहीत, आणि देश म्हणजे जन्माचा देश. त्यामुळे भारतात जन्मलेलीला या वर्गात दशकाहून अधिक काळ थांबावे लागते. कोट्टयमची मुलगी पुढे दुसऱ्या देशाची नागरिक झाली तरी ती कोट्टयमच्याच रांगेत उभी असते. भाषा शिकता येते, श्रेणी वाढवता येते. जन्मस्थान बदलता येत नाही.

इतक्या मोठ्या हालचालीने आपल्या वाङ्मयात किती जागा घेतली? मराठीतले परदेशवासाचे लेखन बहुतांशी अभियंत्यांचे, डॉक्टरांचे, प्राध्यापकांचे आणि त्यांच्या पत्नींचे आहे. घर, हिमवर्षाव, मुलांची मराठी हे त्याचे विषय. रोजंदारीच्या वेळापत्रकावर जगणाऱ्या बाईचे ते नाही. मलयाळमने त्या मानाने अधिक पाहिले, तेही कादंबरीपेक्षा पडद्यावर. ‘ट्वेंटीटू फीमेल कोट्टयम’ (२०१२) या चित्रपटाची नायिका बंगलोरला शिकणारी, कॅनडाची वाट पाहणारी आहे. ‘टेक ऑफ’ (२०१७) या चित्रपटाला २०१४ मध्ये इराकमधल्या तिक्रितच्या रुग्णालयात अडकलेल्या ४६ परिचारिकांची पार्श्वभूमी आहे. जुलै महिन्यात त्या कोचीला सुखरूप परतल्या तेव्हा विमानतळावर गर्दी होती, फुले होती. त्यांच्यातल्या अनेकींच्या डोक्यावर शिक्षणाचे आणि जाण्याचे कर्ज तसेच होते. जर्मनीला गेलेल्या पहिल्या पिढीवर शायनी जेकब बेंजामिन यांनी केलेल्या अनुबोधपटाचे इंग्रजी नाव ‘ट्रान्सलेटेड लाइव्ह्ज’ असे आहे, आणि भाषांतराचे सिद्धान्त शिकवणाऱ्यांनी तो आवर्जून पाहावा. शीबा मरियम जॉर्ज यांच्या ‘व्हेन विमेन कम फर्स्ट’ (२००५) या समाजशास्त्रीय ग्रंथात आधी बायका अमेरिकेला गेल्या आणि नवरे मागून आले तेव्हा घरात व चर्चमध्ये काय उलथापालथ झाली याचे जे चित्र आहे, ते एखाद्या कादंबरीकाराने कधीच उचलायला हवे होते. स्वतः परिचारिका लिहीत नाहीत असेही नाही. त्या दर पाळीच्या शेवटी लिहितात: रात्री अडीचला रुग्णाने पाणी मागितले, तीनला झोपला, पाचला श्वास लागला. ते लेखन फायलीत बंद होते.

आता या गोष्टीचा एक धागा महाराष्ट्रातही आला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतले बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळ पाठवण्यासंबंधी करार झाला. दहा हजारांचा आकडा त्यात आहे, आणि परिचारिकांचा समावेश आहे. जाण्याआधी जर्मन शिकणे ओघानेच आले. म्हणजे मलयाळी मुलीने पुण्याच्या वॉर्डात जे केले ते आता लातूरच्या किंवा सांगलीच्या मुलीला स्टुटगार्टच्या वॉर्डात करायचे आहे. तिथे तिला जुने रुग्ण कदाचित ‘श्वेस्टर’ म्हणून हाक मारतील. अधिकृत पदनाम केव्हाच बदलले असले तरी म्हाताऱ्यांची जीभ बदलत नाही. श्वेस्टर म्हणजे बहीण. इथेही तिला ‘सिस्टर’च म्हणत होते, तेव्हा निदान तो शब्द तिला पाठ करावा लागणार नाही.

दुखण्याचे शब्द मात्र पाठ करावे लागतील. जर्मन रुग्णाला विचारायचे असते की दुखणे कसे आहे: ‘श्टेखेंड’, ‘ब्रेनेंड’, ‘त्सीएंड’ की ‘डुंफ्’. पहिल्यासमोर वहीत ‘टोचतंय’ लिहून होते, दुसऱ्यासमोर ‘भगभगतंय’, तिसऱ्यासमोर थोडा विचार करून ‘ओढ लागलीय’. ‘डुंफ्’ला इंग्रजी पुस्तक बोथट म्हणते, पण बोथट ही सुरी असते. त्या शब्दात दबलेला, कोंडलेला आवाजही आहे. मुक्या माराला मराठीत जे म्हणतात त्याच्या जवळचे काही तरी. वहीत त्या ओळीवर पेन्सिलीने ‘मुकं दुखणं’ असे लिहिता येईल, पुढे प्रश्नचिन्ह ठेवून.